ईश्वराचे शील आणि श्रद्धेचे आचरण : अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा अनुभव (१८३१–१९१९)

ईश्वराचे स्वरूप कसे आहे हा प्रश्न धर्मशास्त्रात तत्त्वज्ञानाचा मानला जातो, तर श्रद्धावंताने कसे वागावे हा प्रश्न नीतीचा मानला जातो. आधी तत्त्व निश्चित व्हावे आणि मग त्यावरून आचार ठरावा, असा क्रम ग्रंथांतून गृहीत धरलेला असतो. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, मराठी ख्रिस्ती मंडळीचा पहिल्या नव्वद वर्षांचा इतिहास पाहता हा क्रम पुष्कळदा उलटा झालेला आढळतो. कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, ख्रिस्ताचे नावही न ऐकता निवर्तलेल्या पूर्वजांची गती काय, धर्मकार्याबद्दल वेतन घ्यावे किंवा कसे, असे रोजच्या जीवनातील प्रश्न प्रथम उभे राहिले. आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता ईश्वर न्यायी आहे म्हणजे काय, दयाळू आहे म्हणजे काय, याचा अर्थ या मंडळीला उलगडत गेला. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईस इ. स. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनी सुरू केले. अहमदनगर येथे या मिशनचे ठाणे १८३१ च्या अखेरीस स्थापन झाले. ग्रेव्ह्ज, रीड व हर्वी या मिशनऱ्यांबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ तेथे आले होते. या आरंभकाळातच मृत्यूने मोठा घाला घातला. हर्वी १८३२ मध्ये वारले आणि लवकरच बाबाजीही कालवश झाले. तरीही ठाणे टिकले. सिंथिया फॅरार यांनी १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरास मुलींच्या शिक्षणाचे काम केले; १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक याच शहरी निघू लागले. पुढे वडाळा, राहुरी इत्यादी गावी ठाणी झाली आणि मिशनचा संबंध शहरापेक्षा खेड्यांशी अधिक जडला.

या मंडळीत येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या महार व मांग जातींतील होते. त्यांच्या जोडीला थोडे ब्राह्मणही आले. हरि रामचंद्र खिस्ती यांचा बाप्तिस्मा १८३९ मध्ये झाला. पुढे १८५४ मध्ये ते आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीच्या या घडणीमुळे एक प्रश्न प्रारंभापासूनच अटळ ठरला. प्रभुभोजनाच्या विधीत एकच भाकर मोडून सर्वांनी खावयाची आणि एकाच पेल्यातून सर्वांनी प्यावयाचे असते. अमेरिकेतील मंडळीत या विधीचा अर्थ ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण एवढ्यापुरता समजला गेला असता तरी चालण्यासारखे होते. नगरात तोच विधी जातिबंधनाच्या मर्मावर घाव घालणारा ठरला. ब्राह्मणाने महाराशेजारी बसून त्या पेल्याला ओठ लावले की तो आपल्या जातीत परत जाऊ शकत नसे. ईश्वर माणसामाणसांत पक्षपात करीत नाही, हे वाक्य प्रवचनात ऐकणे सोपे होते. तो पेला हाती आला म्हणजे त्या वाक्याची खरी किंमत ठरे.

खेड्यातील नवख्रिस्ती माणसापुढची अडचण निराळ्या प्रकारची होती. त्याच्या मागे जात तुटण्याची भीती नव्हती; परंतु गावगाड्यातील त्याचे स्थान आणि त्याचे बलुते ही गावकीच्या कामांशी बांधलेली होती, आणि त्यांतील काही कामे ग्रामदैवताच्या उत्सवांशी निगडित होती. देवळापुढे वाजंत्री लावण्याचे काम मांगाने सोडले तर तो धर्माशी प्रामाणिक राहिला असे मंडळी म्हणत असे. गाव मात्र त्याला कामचुकार समजे आणि त्याच्या धान्याच्या वाट्यावर त्याचा परिणाम होई. श्रद्धेचे आचरण म्हणजे येथे केवळ प्रार्थना व शास्त्रवाचन नव्हते. सुगीच्या खळ्यावर आपल्या पदरात किती पडेल, याच्याशी ते जोडलेले होते.

या चित्राची दुसरी बाजूही इतिहासकाराने दृष्टीआड करता कामा नये. नगर जिल्हा अवर्षणाचा. १८७६–७८ चा आणि १८९९–१९०० चा, अशा दोन मोठ्या दुष्काळांत मिशनने अन्नदान, कामे व अनाथसंगोपन यांचे मोठे कार्य केले. या काळात मंडळीत आलेल्यांविषयी, ते भाकरीसाठी आले, असा आक्षेप घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही, तसाच तो सर्वस्वी न्याय्यही नाही. ज्या माणसाला पिढ्यान् पिढ्या पाणवठ्यावरून हाकलण्यात आले त्याला संकटात कोणी जवळ बसवून जेवू घातले, तर त्या अन्नातून त्याला ईश्वराविषयी काहीच कळले नसेल, असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र दाता आणि याचक हा संबंध मंडळीत रुजला, उपदेशक व शिक्षक मिशनच्या वेतनावर अवलंबून राहिले, आणि सोयरीक जुळविताना पूर्वीच्या जातीची आठवण पुष्कळ ठिकाणी कायम राहिली. पेला एक झाला तरी घरे एक झाली नाहीत. ही त्रुटी पुढील पिढीतील विचारवंतांना अस्वस्थ करीत राहिली.

या पार्श्वभूमीवर रॉबर्ट अॅलन ह्यूम यांचे प्रकरण लक्षणीय ठरते. ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईस मिशनरी कुटुंबात झाला. १८७४ पासून ते नगरास कार्य करू लागले आणि १८७८ मध्ये तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयाचा पाया त्यांनी घातला. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असता त्यांनी अँडोव्हर येथील एका सभेत वादग्रस्त विषयावर मत प्रकट केले. ज्यांना या जन्मी ख्रिस्ताची ओळख होण्याची संधीच मिळाली नाही, त्यांना मृत्यूनंतर ती मिळू शकेल, अशी कल्पना तेथील काही धर्मपंडितांनी मांडली होती. ही कल्पना हिंदुस्थानात उपदेश करणाऱ्याला उपयोगी पडते, अशा आशयाचे ह्यूम बोलले. मिशनच्या अमेरिकेतील मातृसंस्थेतील सनातन मताच्या मंडळींना हे खपले नाही. ह्यूम यांना परत पाठवावे की नाही यावर वाद माजला आणि त्यांचे परत येणे लांबले. अखेर १८८७ मध्ये त्यांना नगरास येण्याची अनुज्ञा मिळाली.

हा वाद अमेरिकेत सिद्धांताचा होता. नगरात त्याचा संबंध घरोघरच्या भावनेशी पोहोचत होता. पितृपक्षात पूर्वजांना घास ठेवणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाला, तुझा आजा अनंतकाळच्या शिक्षेत आहे, असे सांगणे म्हणजे देव न्यायी आहे हे सांगणे, की तो अन्यायी आहे हे सांगणे? ज्याला संधीच दिली नाही त्याला शिक्षा करणारा धनी गावात कोणी चांगला म्हणत नाही. मग देवाला तसे कसे म्हणावे? न्याय आणि दया हे ईश्वराचे दोन गुण एकमेकांना छेद देतात असे पाश्चात्त्य धर्मविवेचनात मानले गेले असेल. परंतु ज्यांच्या वाट्याला न्यायही आला नव्हता आणि दयाही आली नव्हती अशा लोकांपुढे उभे राहिल्यावर त्या दोहोंतील अंतर कमी होते. ह्यूम यांनी तो सिद्धांत प्रस्थापित केला असे नाही. पण ईश्वराच्या शीलाविषयी नगरातून उठणारा प्रश्न त्यांनी अमेरिकेच्या व्यासपीठावर नेला, हे त्यांचे ऐतिहासिक महत्त्व होय. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत ख्रिस्ती व हिंदू विचार यांविषयी बोलणाऱ्यांतही ते होते.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना नगरास ह्यूम यांचा सहवास लाभला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर त्यांचे दीर्घ वास्तव्य नगर जिल्ह्यात घडले. तेथील धर्मविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते.

टिळकांच्या आधीही नगरच्या मंडळीत मराठी पदे व कीर्तने होती. हेन्री बॅलंटाइन यांनी उपासनेसाठी गीते तयार केली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती कथेसाठी वापरली. टिळकांनी केलेला बदल केवळ छंदाचा नव्हता. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा माता आणि गुरू अशा दुहेरी नात्याने येतो. वारकरी परंपरेत विठ्ठलाला 'माउली' म्हणून हाक मारणाऱ्या कानांना हे संबोधन परके वाटणे शक्यच नव्हते. देवाला पिता म्हणणे हे ख्रिस्ती प्रार्थनेचे मूळ होय आणि ते टिळकांना अमान्य नव्हते. परंतु मिशनच्या व्यवहारात 'मायबाप' हा शब्द साहेबालाही लावला जात होता, आणि दाता-याचक संबंधामुळे देवपित्याच्या प्रतिमेवर त्या मायबापाची छाया पडण्याचा धोका होता. आई लेकराला देते ते उपकार म्हणून नव्हे; लेकरूही ते दान म्हणून घेत नाही. ईश्वराच्या दयेतील उपकाराचा अंश वगळून तिची जवळीक व्यक्त करण्यास माउलीचे नाते समर्थ होते. टिळकांच्या काव्याचे धर्मशास्त्रीय मूल्य येथे आहे.

ही जाणीव त्यांनी काव्यापुरती ठेवली नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास वास्तव्य करून 'देवाचा दरबार' या नावाने एक भ्रातृमंडळ उभारण्याचा उपक्रम आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान असावे, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले आणि दरबार मूळ धरू शकला नाही. उपक्रम म्हणून तो अयशस्वी झाला हे खरे. तथापि प्रेम वेतनाच्या आधाराने शिकविता येते काय, आणि देवाच्या दाराशी नोंदवही ठेवावी काय, हे त्यातून निघालेले दोन प्रश्न नगरच्या मंडळीच्या ऐंशीहून अधिक वर्षांच्या अनुभवाचे सार आहेत.

टिळकांचा मार्ग ग्रंथातून आचाराकडे गेला, असे म्हणता येईल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांचा मार्ग नेमका उलट होता. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध झाले. ज्या माहेरी त्या वाढल्या तेथे वडिलांचे सोवळे इतके कडक होते की बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घेतले जात. पतीने धर्मांतर केल्यावर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नगरास पतीजवळ आल्या त्याही आपले पाणी आणि आपला स्वयंपाक निराळा ठेवूनच. त्यांना ख्रिस्ती करण्याची घाई टिळकांनी केली नाही.

पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात एक साधा विचार उद्भवला. पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या, त्या पाहताच ओळखू येतात. माणसांच्या जाती तशा ओळखू येत नाहीत. तेव्हा त्या देवाने केलेल्या नसून माणसाने केलेल्या असाव्यात. या विचारावर त्या थांबल्या नाहीत. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला व तो पाळला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, राहुरीस झाला. हा कालक्रम महत्त्वाचा आहे. ईश्वर निःपक्षपाती आहे हा निष्कर्ष त्यांनी कोणत्याही प्रश्नोत्तरावलीतून घेतला नव्हता. स्वतःच्या चुलीपाशी त्यांना तो गवसला होता आणि दीक्षेपूर्वीच त्याची किंमत त्यांनी मोजली होती. टिळक कुटुंबाचे घर पुढे निराश्रित मुलांना व होतकरू तरुणांना मोकळे राहिले. बालकवी ठोमरे यांनाही त्या घराचा आश्रय काही काळ लाभला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

या सर्व वृत्तांतावरून नगरची मंडळी आदर्श होती असे अनुमान काढणे चुकीचे होईल. जातीचा अवशेष तिच्यात उरला, परावलंबन उरले, आणि तिच्यातील श्रेष्ठ माणसांना तिच्या चौकटीबाहेर पाऊल टाकावे लागले. परंतु तिच्या दोषांची कसोटीही तिने स्वतःच निर्माण केली होती. देव पक्षपाती नाही असे जिने एका पेल्याने कबूल केले, तिला सोयरिकीतील भेद बोचणारच. देव आई आहे असे जिने गायिले, तिला उपकाराची भाषा खटकणारच. ईश्वराच्या शीलाविषयीचे ज्ञान येथे आचाराच्या पुढे धावले नाही. आचार जेथे कमी पडला तेथे ते त्याला टोचीत राहिले. लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी आणि टिळकांच्या दरबारात मंडळीने आपल्याच कबुलीचा अर्थ थोडा अधिक पुरा केला. धर्माचा इतिहास लिहिताना संख्या, संस्था व ठराव यांची नोंद आवश्यक आहेच. तथापि त्या नोंदीच्या मागे कोणी कोणाच्या हातचे पाणी प्याले, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे. नगरपुरते बोलावयाचे तर तेथील धर्मशास्त्राचा बराचसा भाग त्याच उत्तरात सापडतो.