बारामतीच्या ढगांत विमान

उन्हाळ्याच्या अखेरीस बारामती-इंदापूरच्या माळावर वळवाची सर पडून जाते, धूळ बसते आणि आकाश धुतल्यासारखें निर्मळ दिसूं लागतें. पाहणाऱ्यास वाटतें, वादळ संपलें. परंतु पुष्कळदां ही डोळ्यांची फसगत असते. ऊन पडलें कीं ओली जमीन आणि कोरडा माळ हीं सारख्या वेगानें तापत नाहींत. जेथें हवा अधिक तापते तेथें ती हलकी होऊन वर उसळते आणि शेजारची थंड हवा खालीं उतरते. वरच्या थरांत पुरेसा गारठा असला, तर ही उसळी थांबत नाहीं. अशा हवेस अस्थिर हवा म्हणतात. हीच हवा ढग बांधते आणि हीच उडणाऱ्या माणसाला दगा देते.

हा दगा केवढा असूं शकतो, हें २००७ च्या फेब्रुवारींत ऑस्ट्रेलियांतील मॅनिला येथें दिसून आलें. कापडी पंखावर तरंगण्याचा पॅराग्लायडिंगचा खेळ १९७८ मध्यें फ्रान्समधील मिएसी गांवीं आकारास आला होता. त्या खेळांत निष्णात असलेल्या जर्मनीच्या एवा विस्निएर्स्का या बाईंस वादळी ढगानें ओढून ९,९०० मीटरांहून अधिक उंचीवर नेलें. त्या बेशुद्ध झाल्या, अंगावर बर्फ सांचलें, तरी दैवानें वांचल्या. त्याच वादळांत सांपडलेले चीनचे हे चोंगपिन मात्र प्राणास मुकले.

बारामतीच्या मुलुखांत माणसें विमान घेऊन ढगांत शिरलीं, तीं मात्र खेळासाठीं नव्हेत, पावसासाठीं. सह्याद्रि मोसमी वाऱ्यांतील पुष्कळसें पाणी आपल्याच माथ्यावर उतरवून घेतो. पूर्वेकडील या तालुक्यांच्या वांट्यास बहुधा ढगांची सावलीच येते. १९७२ च्या दुष्काळाचे चटके ताजे असतांना, १९७३ मध्यें, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें या भागांत कृत्रिम पावसाचा प्रयोग आरंभिला. १९७३, १९७४, १९७६ आणि पुढें १९७९ ते १९८६ अशीं अकरा वर्षें पावसाळ्यांत तो चालला. डकोटा जातीचें विमान ढगांत शिरे आणि मिठाची बारीक पूड सोडी. मिठाचे कण बाष्प ओढून घेतात, त्यांचे मोठे थेंब होतात. ते लहान थेंबांस आपल्यांत सामावून घेत जड होतात आणि खालीं येतात, अशी त्यामागील कल्पना.

पण पाऊस पडला तर तो मिठानें पडला कीं आपोआप, हें कसें ओळखावें? तहानलेल्या शेतकऱ्यास आशा दाखविणें सोपें असतें. ती खरी ठरविणें कठीण. म्हणून सुमारें ४,८०० चौरस किलोमीटरांच्या प्रदेशाचे तीन भाग करण्यांत आले. मधला भाग मोकळा ठेवून, दोन बाजूंपैकीं कोणत्या बाजूस मीठ टाकावयाचें, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें यदृच्छेनें ठरविलें जाई. अशा १६० दिवसांचा हिशेब झाल्यावर पावसांत २४ टक्के वाढ दिसली. केवळ योगायोगानें एवढा फरक पडण्याचा संभव शंभरांत चार इतकाच होता. तरीहि प्रश्न मिटला असें कोणीं मानलें नाहीं. २०१८ व २०१९ मध्यें सोलापूरच्या आकाशांत त्याच संस्थेनें निराळ्या पद्धतीनें पुन्हा प्रयोग केले.

या इतिहासाचें सार मिठांत नाहीं, आपल्या डोळ्यांवर व आपल्या इच्छेवर अविश्वास दाखविण्यांत आहे. आज कामशेत-पांचगणीच्या डोंगरांवरून एकाच पंखाखालीं दोघे उडतात. पुढें हौशी प्रवासी, मागें चालक. प्रवाशास आकाश वाचतां येत नाहीं. त्यानें आपला जीव दुसऱ्याच्या हातीं दिलेला असतो. वादळानंतरचें निळें आकाश पाहून चालकाचें मनहि मोहून जाईल. अशा वेळीं ढगांची वाढ पाहावी, वारा मोजावा आणि शंका असल्यास पंख गुंडाळून ठेवावा. आकाश काय दिसतें यापेक्षां तें काय करीत आहे, हें पाहण्यांतच शहाणपण आहे.