दातवण, मंजन, पेस्ट : एका नित्य निवडीचा शब्देतिहास

१

दात कशाने घासावेत हा प्रश्न आज दुकानातील अनेक ट्यूबांपैकी एक उचलण्यापुरताच उरला आहे, असे वरवर पाहणारास वाटेल. परंतु ही निवड नवी नाही, आणि ती केवळ वस्तूची निवड कधीच नव्हती. या कामी वापरलेल्या द्रव्यांना मराठीत आणि तिच्या पूर्वज भाषांत जी नावे मिळाली, त्यांचा मागोवा घेतल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. दात स्वच्छ करण्याचे द्रव्य निवडताना मनुष्य त्याच्या नावाबरोबर त्याची जातही स्वीकारीत असतो. ते द्रव्य औषध आहे, अलंकार आहे, की नित्य वापरावयाचे प्रसाधन आहे, याचा निर्णय नावातच होऊन गेलेला असतो. या निर्णयात घोटाळा झाला, तर त्याचे परिणाम कोशापुरते मर्यादित राहत नाहीत; करआकारणीवर आणि प्रकृतीवरही ते होतात. प्रस्तुत निबंधात हेच दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२

संस्कृत वैद्यक ग्रंथांत या विषयाचा विचार सविस्तर आलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिवसातून दोन वेळा दंतपवन करावे असे सांगितले असून, त्यासाठी कडू, तिखट अथवा तुरट रसाच्या काष्ठाचा निर्देश केला आहे. करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन आणि असाणा ही झाडे तेथे नावानिशी येतात. सुश्रुतसंहितेत काष्ठाची लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी सांगितली आहे; रसानुसार श्रेष्ठ झाडेही दिली आहेत. कडू रसात निंब, तुरट रसात खैर, गोड रसात मोह आणि तिखट रसात करंज. वाग्भटाने दंतकाष्ठ कोणी वापरू नये याची यादी दिली. अजीर्ण, वांती, दमा, खोकला, ज्वर, मुखपाक इत्यादी विकार असलेल्यांना त्याने ते वर्ज्य केले आहे.

या विवेचनात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, लेपाची म्हणजे आजच्या भाषेत 'पेस्ट'ची कल्पना अर्वाचीन नव्हे. सुश्रुताने मध, त्रिकटू, तेल, सैंधव इत्यादी एकत्र करून काडीच्या मऊ कुंच्याने दात घासण्यास सांगितले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा सारा विचार रोगचिकित्सेचा नसून दिनचर्येचा आहे. निरोगी मनुष्याचे आरोग्य राखणे आणि रोग्याचा रोग दूर करणे, ही दोन्ही आयुर्वेदाची प्रयोजने होत. तेव्हा रोज वापरावयाचे द्रव्य वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे, अशी समजूत त्या परिभाषेत संभवतच नव्हती. हा मुद्दा पुढे न्यायालयाच्या संदर्भात पुन्हा येईल.

३

चरकाचा 'दन्तपवन' हा शब्द पालीत 'दन्तपोण' आणि प्राकृतात 'दंतवण' असा झाला. हिंदी 'दातुन', गुजराती 'दातण' आणि मराठी 'दातवण' ही त्याचीच संतती होय. परंतु अर्थाच्या बाबतीत या भावंडांची वाट वेगळी झाली. हिंदी आणि गुजराती शब्दांनी काडी हा मूळ अर्थ जपला. मराठीत मात्र 'दातवण' हा शब्द मुख्यतः चूर्णाचा वाचक झाला, आणि चूर्णातही विशेषतः दात काळे करण्यासाठी स्त्रिया वापरीत त्या चूर्णाचा. साधनाचे नाव द्रव्याला मिळाले, आणि स्वच्छतेचे नाव शृंगाराला मिळाले.

हे काळे दातवण तयार होण्यामागील रसायन साधे आहे. हिरड्यासारख्या तुरट फळातील टॅनिनचा लोहक्षाराशी, म्हणजे हिराकसाशी, संयोग झाला की काळा रंग उत्पन्न होतो. जुनी काळी शाईही याच तत्त्वावर होत असे. उत्तरेत याच कामासाठी 'मिस्सी' प्रचारात होती. विवाहित स्त्रीच्या शृंगारात काळ्या दातांना एके काळी मानाचे स्थान होते. विसाव्या शतकात ही रीत झपाट्याने मागे पडली, आणि पांढरे दात हेच सौंदर्य ठरले.

नुसत्या स्वच्छतेसाठी घरोघरी होती ती राखुंडी. गोवरीची जळकी राख वस्त्रगाळ करून, क्वचित मीठ घालून, ती ठेवली जाई. कोळशाची पूडही चाले. येथे क्रियापदांकडे लक्ष दिल्यास मराठी भाषकाच्या मनातील वर्गीकरण हाती लागते. राखुंडीने, मंजनाने वा पेस्टने दात 'घासतात'. येथे द्रव्य तृतीयेत येते आणि कर्म दात हे असते. दातवण मात्र बहुधा 'लावतात'. येथे द्रव्यच कर्म होऊन बसते. घासण्यात काही काढून टाकावयाचे असते, लावण्यात काही ठेवावयाचे असते. एकाच बोटाने, एकाच वेळी, त्याच दातांवर होणाऱ्या या दोन क्रिया भाषेने कसोशीने वेगळ्या ठेवल्या आहेत.

४

या कसोटीने 'मशेरी' हा शब्द तपासला पाहिजे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करावयाची आणि ती दातांना व हिरड्यांना चोळावयाची, ही रीत महाराष्ट्रातील खेड्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, आजही आढळते. 'मशेरी' अथवा 'मिश्री' हे नाव उघडच 'मिस्सी'च्या कुळातील आहे. तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांच्या द्वारे आली. विजापूरहून ती अकबराच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी गेली. म्हणजे वस्तू नवी आणि नाव मात्र जुने. दात काळे करणाऱ्या निरुपद्रवी चूर्णाच्या नावाखाली एक व्यसन दंतधावनात शिरले.

क्रियापद याची साक्ष देते. मशेरी बहुधा 'लावतात'. ती लावल्यावाचून काम सुचत नाही, पोट साफ होत नाही, असे लावणारीच सांगते. तरीही 'तुम्ही तंबाखू खाता काय?' या प्रश्नास ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकते, कारण तिच्या भाषेत हे खाणे नव्हेच, हे दात घासणे आहे. आरोग्यविषयक पाहणी करणाऱ्याने प्रश्नातील क्रियापद चुकविले, तर उत्तर खोटे नसूनही माहिती खोटी पडेल. धूरविरहित तंबाखू मानवास कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरविले आहे. तेव्हा ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

हाच घोटाळा कारखान्यातील मालातही झाला. तंबाखूयुक्त दंतमंजने व पेस्ट आयुर्वेदीय औषधाच्या परवान्यावर विकली जात होती. केंद्र सरकारने १९९२ साली अशा उत्पादनांवर बंदी घातली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी मात्र अशा बंदीच्या आवाक्यात येत नाही.

५

आता पेस्टकडे वळू. दाबून रिकामी करता येणारी धातूची ट्यूब अमेरिकेत वॉशिंग्टन शेफील्ड याने १८९२ च्या सुमारास दंतलेपासाठी वापरली. कोलगेट कंपनीने १८९६ मध्ये तिचा अंगीकार केला. हिंदुस्थानात या कंपनीची शाखा १९३७ साली स्थापन झाली. कलकत्ता केमिकल कंपनीने निंबाची पेस्ट काढून जुने काष्ठ नव्या नळीत आणले. मुंबईत केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली 'विको' सुरू करून वज्रदंती लोकप्रिय केली. सीबा कंपनीच्या 'बिनाका' पेस्टचे नाव तर त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या गीतमालेमुळे घराघरात गेले. काळ्या पुडीनेही नव्या काळाशी जुळवून घेतले. 'माकडछाप काळी टूथ पावडर' या नावातील शेवटचे दोन शब्द पाहावेत. 'कोलगेट' हे विशेषनाम तर बोलीत सामान्यनाम होऊन गेले, आणि कोणत्याही कंपनीच्या पेस्टला लोक ते लावू लागले.

या नव्या बाजारात जुना प्रश्न न्यायालयापुढे आला. 'दंतमंजन लाल' हे औषध की प्रसाधन? औषधावर अबकारी कर कमी, म्हणून उत्पादकाचा आग्रह औषधावर होता. घटकद्रव्ये आयुर्वेदीय ग्रंथांतील असून परवानाही औषधाचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे मान्य केले नाही, आणि २००९ साली तोच निर्णय कायम केला. न्यायालयाची कसोटी भाषेच्या अभ्यासकास परिचयाची आहे. शास्त्रीय अर्थ नव्हे, तर वापरणारे लोक त्या वस्तूस काय समजतात तो अर्थ ग्राह्य धरावयाचा. औषध वैद्य सांगतो आणि ते काही काळापुरते घेतात. मंजन रोज वापरतात. म्हणून ते औषध नव्हे.

लोकव्यवहारातील अर्थ म्हणून हा निर्णय बिनचूक आहे. परंतु 'रोज' या शब्दावर त्याने जो भार दिला, तो दुसऱ्या विभागात सांगितलेल्या परिभाषेच्या नेमका उलट आहे. तेथे जे नित्य तेच स्वास्थ्यरक्षणाचे साधन होते. आणि गंमत अशी की, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लुओराइडयुक्त पेस्टचा समावेश केला. रोज वापरावयाची वस्तू पुन्हा औषधांच्या पंगतीस बसली.

६

यावरून निवड करणाराने काय घ्यावे? नाव हे वस्तूचे प्रमाण नव्हे, एवढे तर निश्चित. 'आयुर्वेदीय', 'नैसर्गिक', 'लाल', 'काळी' ही विशेषणे जात सांगतात, गुण सांगत नाहीत. दात किडू नयेत यासाठी ज्या घटकाचा उपयोग उत्तम रीतीने सिद्ध झाला आहे, तो फ्लुओराइड. भारतीय नियमांनुसार पेस्टमध्ये त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत १००० भागांहून अधिक असता कामा नये, आणि ते वेष्टनावर छापावे लागते. नावाहून तो आकडा वाचणे अधिक उपयोगाचे. मात्र नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील ज्या गावी भूजलातच फ्लुओराइड अधिक आहे, तेथे लहान मुलांच्या बाबतीत दंतवैद्याचा सल्ला घेणे उचित. वाग्भटाने वर्ज्यांची यादी दिली, तिचे मर्म हेच आहे. एकच द्रव्य सर्वांस सारखे नव्हे.

अभ्यासकांसाठी एक सूचना करून हे विवेचन संपवितो. दातवण, राखुंडी, मशेरी यांची स्थानिक नावे, त्यांच्या कृती आणि त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे ही वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात अद्याप शिल्लक आहेत. बोलीसर्वेक्षणासाठी गावोगाव जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रश्नावलीत 'सकाळी दातांना काय लावता?' आणि 'दात कशाने घासता?' असे दोन प्रश्न स्वतंत्रपणे घालावेत. दोहोंची उत्तरे नेहमीच एक येणार नाहीत.