पुतळी: व्हेनिसची टांकसाळ, बसवनगुडीचा गळा

बंगळूरच्या बसवनगुडीत, डीव्हीजी रस्त्यावरच्या सराफाकडे ‘कासिन सर’ मागितला की लक्ष्मीची छाप असलेल्या सोन्याच्या चकत्यांची माळ पुढ्यात येते. मराठी घरांत हीच पुतळ्यांची माळ. पण एखाद्या जुन्या माळेतली अस्सल पुतळी भिंगाखाली धरली तर लक्ष्मी कुठेच दिसत नाही. एका बाजूला ध्वजाच्या काठीशी दोन माणसं, त्यांतलं एक गुडघे टेकलेलं. दुसऱ्या बाजूला अंडाकृती चौकटीत ताऱ्यांमध्ये उभा पुरुष. तो येशू ख्रिस्त, आणि गुडघे टेकून संत मार्ककडून ध्वज घेणारा व्हेनिसचा सत्ताधीश, दोजे. या माणसांच्या आकृत्यांवरूनच आपल्याकडे तिला पुतळी म्हणू लागले.

ही पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट; ते १२८४ मध्ये पाडलं गेलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शुद्ध. पुढे पाचशे वर्षं ना वजन घटवलं, ना कस. त्याच व्हेनिसचं चांदीचं चलन मात्र उतरत गेलं. मिरीच्या मोबदल्यात अलेक्झांड्रियामार्गे डुकाट मलबारला उतरला. आज डॉलरला आहे तो मान तेव्हा त्याला होता. विजयनगरचा वराहही जवळपास त्याच वजनाचा, म्हणून दोन्ही सहज शेजारी चालले. त्याच विजयनगरच्या मांडलिक केंपेगौडाने बंगळूर वसवलं. १६३८ मध्ये ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि मराठी कुटुंबं इथे रुजली.

१७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं. पुतळीचं काही बिघडलं नाही. आपल्याकडचे सोनार तसाच ठसा, लॅटिन अक्षरं वेडीवाकडी उमटवत, कोरत राहिले. मला या कुळकथेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: ज्याने नाणं पाडलं तो गेला, तरी कसोटीवरची रेघ तीच राहिली.

रुपयाचं तसं झालं नाही. १८७० च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांचा असलेला चांदीचा रुपया १८९३ मध्ये जेमतेम सव्वा शिलिंगावर आला. जून १९६६ मध्ये डॉलर ४.७६ रुपयांवरून साडेसातवर गेला, आणि १५ ऑगस्ट १९७१ रोजी डॉलरचीही सोन्याशी बांधलेली गाठ सुटली. सोनं मात्र दर वर्षी चढतंच असं नव्हे. डॉलरमधला १९८० चा उच्चांक पुन्हा गाठायला २००८ उजाडलं. रुपयात हिशेब करणाऱ्या घरांना ती झळ कमी लागली, कारण मधल्या काळात डॉलरच आठ रुपयांवरून चाळीसवर गेला होता.

चलन घसरलं तरी सोनं टिकतं, आता हाच विचार मध्यवर्ती बँका करतात. २०२२ मध्ये रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेल्यापासून त्यांची सोनेखरेदी वाढली आहे. २०२४ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने ब्रिटनमध्ये ठेवलेलं सुमारे १०० टन सोनं मायदेशी आणलं.