कराडच्या पावत्या

23 एप्रिल 1992 ला ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांची बातमी आली, तेव्हा मी एका मराठी दैनिकात वाणिज्य पान लावत होतो. स्टेट बँकेच्या हिशेबात ‘बिग बुल’च्या व्यवहारांचा सुमारे 500 कोटींचा मेळ बसत नाही, असा तिचा गाभा. ‘बिग बुल’ म्हणजे शेअर दलाल हर्षद मेहता, पण त्याचं नाव मात्र नव्हतं. दलाल स्ट्रीटवरच्या चहावाल्यालाही ते ठाऊक होतं. तरी छापलं नाही, यातच मला त्या बातमीची ताकद वाटते. मेहताने स्टेट बँकेत भरलेली रक्कम पुढे 622 कोटी निघाली. म्हणजे बातमीने आकडा फुगवला तर नव्हताच, हात राखूनच सांगितला होता.

नंतर मात्र वृत्तपत्रांचा धरबंद सुटला. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने या रोखे घोटाळ्यात सुमारे 4,000 कोटी अडकल्याचं सांगितलं. त्यात कितीतरी बँका, कितीतरी दलाल. मथळ्यांत सगळी रक्कम एकट्या हर्षदच्या खिशात गेली.

मी साताऱ्याकडचा, म्हणून या घोटाळ्यातलं कराडच्या बँकेचं प्रकरण जास्त लागलं. ते फिरलं बँक रिसीटभोवती. बँक रिसीट म्हणजे साधा कागद: रोखे विकले, पैसे मिळाले, रोखे मागाहून देतो. रोखे खरंच आहेत का, हे कागद बोलत नाही. सही करणाऱ्या बँकेची पत बोलते. बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी रोखे नसताना असे कागद दिले, आणि मोठमोठ्या बँकांनी ते मुकाट्याने तिजोरीत ठेवले. स्टँडर्ड चार्टर्ड त्यात चांगलीच पोळली. तिथले व्यवहार मुख्यतः हर्षदचे नव्हेत, हितेन दलाल या दुसऱ्या दलालाचे. पण वाचकाला कोण दलाल कुठल्या बँकेशी गुंतलाय, हे समजावून सांगायला जागा लागते, आणि हर्षदच्या लेक्सस गाडीचा फोटो आयता मिळतो. कराडची खासगी बँक आणि मुंबईची सहकारी बँकही एकाच दावणीला बांधल्या गेल्या.

कराडची बँक 1992 मध्येच अवसायनात गेली. जून 1993 मध्ये मेहताने पंतप्रधान नरसिंह राव यांना एक कोटी दिल्याचा आरोप केला, तेव्हा पानंच्या पानं एकाच प्रश्नावर खर्ची पडली: एवढ्या नोटा सुटकेसमध्ये मावतात का? कराडच्या बँकेचं काय करायचं, ते तेव्हाही लटकलेलंच होतं. बँक ऑफ इंडियाने ती घ्यायला 1994 उजाडलं.