फाइल नक्की कोणाच्या हातात?

एका छोट्या ऑफिसची हिशेबाची फाइल तिसऱ्यांदा खराब झाली, तीन दिवसांच्या नोंदी गेल्या. फाइल लिनक्स सर्व्हरवर, उघडणारे विंडोजवाले. मी काय केलं? हार्ड डिस्क बदलली.

पण दोष निघाला एका जुन्या वचनात. विंडोजच्या एसएमबी प्रोटोकॉलमध्ये ‘ऑपलॉक’ असतो. सर्व्हर कॉम्प्युटरला सांगतो: फाइल सध्या तुझ्या एकट्याकडे आहे, बदल खुशाल स्वतःच्या मेमरीत ठेव, दुसरं कोणी आलं तर आवाज देतो. त्याने वेग वाढतो. पण येणारा सर्व्हरच्या दारातून आला तरच ना!

1991 च्या शेवटी कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने नेटवर्कवरची पॅकेट्स वाचून वाचून डॉस मशीनसाठी युनिक्सवर फाइल सर्व्हर लिहिला. तोच पुढे ‘सांबा’ झाला. काम दुभाष्याचं, आणि अवघड. कारण विंडोजमध्ये लॉक म्हणजे सक्ती. युनिक्समध्ये बहुधा विनंती, पाळली तर पाळली. शिवाय युनिक्सवरचा एखादा प्रोग्राम सांबाला न विचारता थेट फाइलला हात लावायचा, तेव्हा सांबाला पत्ताच नसायचा. म्हणून लिनक्स 2.4 पासून कर्नलच त्याला खबर देऊ शकतो, पण ते सेटिंग चालू हवं.

आमच्याकडे ते बंद. एक पीसी रात्रभर फाइल उघडी ठेवून बसलेला आणि दोन वाजता सर्व्हरवरची स्क्रिप्ट थेट त्याच फाइलमध्ये लिहायची.

आता त्या फोल्डरचे ऑपलॉक बंद केलेत आणि स्क्रिप्टही शेअरमधूनच जाते. फाइल हळू उघडते, ऑफिसवाले कुरकुरतात. जुनी डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, ठणठणीत.