पियानोवादकाचं पोट आणि मुंबईची उपनगरं

मुंबईत पाश्चात्त्य अभिजात पियानोची मैफल म्हटली की काळा घोडा आणि नरिमन पॉइंट डोळ्यांपुढे येतात. कावसजी जहांगीर सभागृह तिकडे, एनसीपीए तिकडे आणि मेहली मेहतांनी १९३५ साली उभी केलेली बॉम्बे सिम्फनीही त्याच शहराची. त्यामुळे या कलेच्या इतिहासात वांद्र्यापलीकडे लिहिण्याजोगं काही नाही, असं धरून चालतात. मला ते पटत नाही. मैफल दक्षिणेत झाली हे खरं, पण मैफलीनंतरचे उरलेले दिवस वादक कशावर जगायचा हे शोधायला गेलं की उत्तरेकडची लोकल पकडावी लागते. व्हायोलिनवाला आपलं वाद्य पेटीत घालून कुठेही जातो. पियानोवादकाला मात्र सभागृह हवं, चांगला ग्रँड हवा, साथीला ऑर्केस्ट्रा हवा आणि तिकीट काढणारे श्रोते हवेत. वर्षभर पोट भरेल इतकं हे सारं मुंबईत कधीच एकत्र आलं नाही. ज्याला मैफलीवरच जगायचं होतं त्याला शहर सोडावं लागलं. झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले ते त्याच वाटेने.

जे राहिले त्यांना चित्रपटाने पोसलं, आणि चित्रपट उपनगरात बनत होता. १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज, १९४३ साली गोरेगावला फिल्मिस्तान, मग अंधेरीत प्रकाश, मोहन, फिल्मालय. कुणी म्हणेल, गाणी तर ताडदेव नि महालक्ष्मीला ध्वनिमुद्रित व्हायची. व्हायची, पण त्या गाण्यांचा खर्च ज्या चित्रपटांच्या खात्यावर पडायचा त्यांतले कितीतरी या फ्लोअरवर उभे राहत होते. १९४९च्या ‘अंदाज’मध्ये पडद्यावर पियानोशी दिलीप कुमार बसतात, पण पट्ट्यांवरची बोटं दुसऱ्याची असतात आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही. स्टुडिओंत वाजवणाऱ्या लुसिला पाचेकोंसारख्या पियानोवादिकेची ओळख आज मोजक्याच जाणकारांना आहे, हा मला या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सिनेमातलं वाजवणं अभिजात नव्हे, उलट त्याने अभिजात वादक गिळला. यात तथ्य आहेच. दिवसभर टेक देऊन आलेल्या हातांना शोपँचा रियाज करायला वेळ उरत नाही. पण नवं नोटेशन समोर येताच वाचायचं आणि शंभर वाद्यांत आपली जागा धरायची, ही शिस्त शहरात रोज लागत होती ती तिथेच. पुरावा १९५८चा आहे. गोव्यातल्या माजोर्डाहून आलेल्या अँथनी गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोबत घेतलं. ही माणसं स्टुडिओंतली होती. तो प्रयोग टिकला नाही तो पैशाअभावी. वादक कमी पडले म्हणून नव्हे.

उपनगरांतल्या या वादनाची मुळं पोर्तुगीज साष्टीत, बोरिवलीच्या मंडपेश्वरातल्या फ्रान्सिस्कन मठापर्यंत नेण्याचा मोहही होतो. चर्चमधल्या गायनाचा वारसा तिथवर नेता येईल. पियानोचा नाही. हे वाद्य फ्लॉरेन्समध्ये १७००च्या सुमारास घडलं आणि १७३९पर्यंत साष्टी मराठ्यांकडे आली होती. इथे पियानो आला तो इंग्रजी अमलात, धोबी तलावच्या फुर्ताडोंसारख्या दुकानांतून, आणि घराघरांत रुजला तो शिकवण्यांमुळे.

सिंथेसायझर आला, स्टुडिओंतले मोठे वाद्यवृंद मोडले, तेव्हा टिकली ती शिकवणीच. लंडनच्या ट्रिनिटी नि रॉयल स्कूल्सच्या परीक्षांना मुलं अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमधून अजून बसतात. तिथल्या एखाद्या जुन्या अपराइटचं खालचं फळकूट काढून पाहावं. ८८ पट्ट्या, सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून कित्येक टनांचा ताण, आणि तारांच्या पायथ्याशी जळणारा २५ वॉटचा पिवळा बल्ब. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने तारांमागची लाकडी फळी फुगते, सूर चढतो, पट्ट्या अडकतात, तारांना गंज धरतो. म्हणून जूनपासून तो बल्ब लावून ठेवायचा, आणि पाऊस सरला की ट्यूनरला बोलवायचं.