हापूस, हवाना आणि अठरा वर्षांची बंदी

दिवाळी अंकात चकली-करंजीऐवजी आंब्यावर लेख वाचून कुणी भुवया उंचावतील. पण मंडळी, गेल्या मे महिन्यात आपल्याकडे जेद्दाहून ज्या पेट्या आल्या, त्यांचा विषय इथे यान्बूत ऑगस्टपर्यंत पुरला! एक पेटी उघडली की चार घरं गोळा होतात, आणि "देवगड की रत्नागिरी?" या प्रश्नावर तासभर वाद रंगतो. त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या चुलतभावाशी फोनवर बोलणं झालं. त्यानं डझनाचा भाव सांगितला आणि मी गप्प झालो. तेवढ्या पैशांत इथे बरंच काही येतं. मग वाटलं, एकाच कोकणातला आंबा आपल्यापर्यंत सहज पोचतो आणि अमेरिकेत पोचायला एवढा का दमतो? त्याचा शोध घेताना जी गोष्ट हाती लागली, ती आंब्यापेक्षा बंदीची जास्त आहे.

सुरुवात मात्र सिगारपासून करू. फेब्रुवारी १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी क्यूबाशी होणारा व्यापार बंद करण्याच्या हुकमावर सही केली. सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सेलिंजर यांना बोलावून हवानाच्या हजारभर सिगार सकाळपर्यंत जमवायला सांगितलं. सेलिंजरना १२०० मिळाल्या. साठा हाती आल्यावर केनेडींनी हुकमावर सही केली. ही गोष्ट सेलिंजरनी नंतर स्वतःच लिहून ठेवली आहे. बंदी घालणाऱ्यालाही बंदी घातलेली वस्तू हवीच असते, एवढं यातून कळतं.

पुढे काय झालं? क्यूबा सोडून गेलेल्या तंबाखू-उत्पादकांनी तिथलं बी आणि तिथलं कसब डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वात नेलं, आणि अमेरिकन बाजार त्या सिगारनी भरला. तरी शौकिनांच्या मनात हवानाचीच सिगार राहिली. कुणी कॅनडात जाऊन ओढायचा, कुणी बॅगेत लपवून आणायचा. आता आपला हापूस बघा. तंतोतंत तीच कथा!

हापूस हे नाव पोर्तुगीज. गोव्याचा अफोन्सो द अल्बुकर्क, त्यावरून 'अल्फोन्सो', आणि आपल्या तोंडी घासून घासून 'हापूस', असं मानलं जातं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधण्याची पद्धत रुजली आणि कोयीपासून वाढणाऱ्या, दर झाडाला वेगळी चव देणाऱ्या रायवळातून ठरावीक चवीचे आंबे पुढे आले. तिथून हापूस कोकणात चढला आणि तिथलाच झाला.

अमेरिकेत आंबा नव्हता असं नाही. गंमत म्हणजे तिथला आंबाही मूळचा आपलाच! १८८९ साली अमेरिकेच्या कृषिखात्यानं मुंबई इलाख्यातून 'मलगोबा' जातीची कलमं नेली. फ्लोरिडात एल्ब्रिज गेल नावाच्या गृहस्थांच्या बागेत त्यातलं एक झाड थंडीच्या कडाक्यातून वाचलं. त्याच्या कोयीपासून कॅप्टन हेडन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'हेडन' हा आंबा वाढवला, आणि हेडनच्या वंशात पुढे 'टॉमी ॲटकिन्स' आला. अमेरिकेतल्या सुपरमार्केटात लालबुंद, दगडासारखा टणक, आठवडाभर फळीवर तग धरणारा जो आंबा दिसतो तो हाच. प्रवासाला उत्तम, पण चवीचं विचारू नका. म्हणजे क्यूबाचं बी होंडुरासला गेलं तसं आपलं रोप फ्लोरिडाला गेलं, आणि मूळ मालाची आठवण तेवढी मागे राहिली.

आता बंदीकडे वळू. अमेरिकेनं १९८९ पासून भारतीय आंब्याला दार बंद केलं. कारण राजकीय नव्हतं, किड्याचं होतं. आपल्या आंब्यात दोन पाहुणे असू शकतात. एक फळमाशी, जी सालीखाली अंडी घालते, आणि दुसरा कोयीतला भुंगा, जो कोयीच्या आतच लपून बसतो, वरून पत्ताच लागत नाही. पूर्वी अशा फळांना ईडीबी नावाच्या वायूची धुरी देत असत. तो वायू माणसाला घातक ठरल्यानं अमेरिकेनं १९८० च्या दशकात त्याचा वापर बंद केला. मेक्सिकोनं आंबे गरम पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत स्वीकारली आणि बाजार राखला. पण गरम पाण्यानं फळमाशी मरते, कोयीतल्या भुंग्याचं काय? आमच्या भाषेत सांगायचं तर 'बग' असा ठिकाणी होता की नेहमीचा 'पॅच' चालणार नव्हता.

ही भीती अगदीच पोकळ नव्हती हेही मान्य करायला हवं. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात परदेशी फळमाशीनं असा धुमाकूळ घातला होता की शहरांवर हेलिकॉप्टरनं औषध फवारावं लागलं. पण अमेरिकेतल्या मराठी माणसाला त्याचं काय! आमरसाचा डबा मिळत होता, कारण डब्यातल्या रसात माशी जगत नाही. कॅनडात अख्खा हापूस राजरोस मिळत होता, कारण तिथल्या थंडीत त्या माशीचा टिकाव लागत नाही. मग काय, बफेलो किंवा डेट्रॉइटकडची मंडळी मे महिन्यात सीमा ओलांडून टोरांटोकडे जायची, पोटभर आंबे खायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. म्हणजे त्या काळात एखादा अमेरिकन टोरांटोत हवानाची सिगार ओढत असेल, तेव्हा शेजारच्या गल्लीत एखादे जोशीकाका हापूस चोखत असणार!

बंदी उठायला उपाय सापडला तो कांद्यामुळे. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली 'कृषक' नावाचं केंद्र उभारलं. उद्देश हा की कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा हलका मारा करून साठवणीतल्या कांद्याला कोंब येऊ द्यायचा नाही. तेच किरण जास्त मात्रेत, म्हणजे ४०० ग्रे एवढे, आंब्याला दिले की आतला किडा मेला नाही तरी त्याची वीण थांबते. किरण कोयीच्या आत पोचत असल्यानं भुंगाही सुटत नाही. (एक खुलासा: यानं आंबा किरणोत्सर्गी होत नाही. एक्स-रे काढून आल्यावर आपण रात्री चमकत नाही, तसंच.) जानेवारी २००६ मध्ये अमेरिकन कृषिखात्यानं ही मात्रा बहुतेक सगळ्या किडींसाठी मान्य केली.

मग राजकारण मदतीला आलं. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले ते अणुकरारासाठी, पण पत्रकारांसमोर त्यांनी भारतीय आंब्याचाही उल्लेख केला. अणुकराराची गाडी पुढे दोन-अडीच वर्षं रखडत चालली, आंब्याची लवकर पोचली. मार्च २००७ मध्ये नियम जाहीर झाला आणि एप्रिलच्या अखेरीस १५० पेट्यांची पहिली खेप न्यूयॉर्कला उतरली. त्याच महिन्यात भारतानं मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींसाठी धुराचे नियम सोपे करून हार्ले-डेव्हिडसनला वाट दिली. 'आंब्याच्या बदल्यात मोटरसायकल' असे मथळे तेव्हा झळकले. हार्लेनं २०२० मध्ये भारतातला कारखाना गुंडाळायचं ठरवलं. आंबा अजून जातोय. सौद्यात कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा.

आता मुख्य प्रश्न. बंदी उठल्यावर शौकिनांचं काय झालं? स्वस्त आणि भरपूर हापूस मिळेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिल्या मोसमात सुमारे १५७ टन आंबा गेला आणि डझनाला तीस-पस्तीस डॉलर पडू लागले. कारण सोपं होतं. कोकणातून निघालेला आंबा आधी लासलगावला, म्हणजे मुंबईपासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, मग पुन्हा मुंबईच्या विमानतळावर, आणि तिथून विमानानं अमेरिकेला. झाडावरून उतरवल्यापासून पिकेपर्यंतच्या मोजक्या दिवसांत ही सगळी धावपळ. शिवाय अमेरिकन निरीक्षक भारतात येऊन तपासणी करणार, त्याचा खर्च आपल्याच बाजूचा. पूर्ण देशासाठी तेव्हा एकच मान्य केंद्र! आम्ही संगणकवाले याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो. एक कडी तुटली की सगळी साखळी बंद.

आणि ती तुटलीही. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि दोन्ही मोसम अमेरिकेची निर्यात थांबली. २०२२ साली देखरेखीचं काम भारतीय अधिकाऱ्यांकडे सोपवण्याचं ठरून ती पुन्हा सुरू झाली. बदल्यात भारतानं अमेरिकन चेरी आणि चाऱ्यासाठी अल्फाल्फा गवत घ्यायचं मान्य केलं. २०२३ च्या मोसमात दोन हजार टनांच्या वर आंबा गेला, त्यात केसर, बंगनपल्ली वगैरे इतर जातीही होत्या. पण मे २०२५ मध्ये किरणप्रक्रिया झालेल्या १५ खेपा कागदपत्रांतल्या त्रुटींमुळे अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून सगळा आंबा तिथेच नष्ट करावा लागला. आंब्यात किडा नव्हता, कागदात होता!

सिगारवाल्यांचा अनुभव वेगळा नाही. २०१४ च्या डिसेंबरात ओबामांनी क्यूबाशी संबंध सुधारण्याची घोषणा केली. आधी शंभर डॉलरपर्यंतची सिगार-दारू सोबत आणायला परवानगी मिळाली, ऑक्टोबर २०१६ मध्ये तीही मर्यादा गेली. शौकीन खूष. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प प्रशासनानं ती सवलत काढून घेतली. युरोपनंही १ मे २०१४ ला ऐन मोसमात हापूस थांबवला आणि २०१५ च्या सुरुवातीला पुन्हा येऊ दिला. यावरून माझं मत असं झालंय की बंदी उठणं म्हणजे दार उघडणं नव्हे. दाराला असलेल्या एका मोठ्या कुलपाऐवजी दहा छोटी कुलपं लागतात, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाच्या खिशात असते.

आपण ज्या गावात राहतो त्याला हे नवीन नाही. १९७३ च्या अरब तेलबंदीनं तेलाचे भाव चढले, त्या पैशातून औद्योगिक शहरं उभी करायला १९७५ मध्ये जुबैल आणि यान्बूचं रॉयल कमिशन स्थापन झालं. होर्मुझची सामुद्रधुनी कधी बंद झालीच तर पर्याय असावा म्हणून १९८१ मध्ये पूर्वेकडून तांबड्या समुद्रापर्यंत तेलवाहिनी आली, ती यान्बूलाच. वाट बंद होण्याच्या भीतीतून दुसरी वाट काढून ठेवायची, हा धडा इथल्या लोकांनी वेळेत गिरवला.

कोकणानं तो गिरवला का? राजापूर तालुक्यात आमची स्वतःची तीसेक कलमं आहेत. बाबा दरवर्षी बाग खंडानं देतात. २००७ साली मी शाळेत होतो, आणि गावात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "आता आंबा अमेरिकेला जाणार!" पेढे वाटायचे तेवढे राहिले. त्यानंतर आमच्या बागेचा खंड वाढला तो महागाईइतकाच. आकडे पाहिले की कारण कळतं. भारतात दरवर्षी दोन कोटी टनांहून जास्त आंबा पिकतो. २०२२-२३ मध्ये परदेशी गेला सुमारे २३ हजार टन. हजारातला एक! त्यातही अमेरिकेचा वाटा लहान, सर्वात मोठं गिऱ्हाईक आपलं आखातच. म्हणजे ज्या दाराची अठरा वर्षं चर्चा झाली त्यातून मूठभर माल जातो, आणि जे दार कधी बंदच नव्हतं त्याकडे कुणी नीट बघत नाही.

मला वाटतं खरं काम इथेच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आखातातल्या दुकानात 'अल्फोन्सो' लिहिलेली प्रत्येक पेटी कोकणातलीच असते का? आपण भाव करतो, वास घेतो, साका निघाला की दुकानदाराला बोल लावतो, पण पेटी कुठल्या बागेतली हे विचारत नाही. अमेरिकेच्या कडक अटींनी एक चांगलं केलं. कुठली बाग, कुठलं पॅकहाउस, कुठल्या दिवशी काय प्रक्रिया, हे सगळं लिहून ठेवायची सवय निर्यातदारांना लागली. तीच नोंद आपण इथे आखातात मागितली तर? त्यासाठी ना बुश लागतात ना अणुकरार. दहा मंडळांनी मिळून एका मोसमाची मागणी मानांकन असलेल्या बागायतदारांकडे थेट नोंदवली, तर दलालाकडे जाणारे चार पैसे बागेत राहतील. समुद्रमार्गाचा पर्यायही आहेच. २०२२ मध्ये भाभा केंद्राच्या तंत्रानं आंबा सुमारे २५ दिवसांत जहाजानं अमेरिकेपर्यंत नीट पोचला. आपल्याकडचा रस्ता तर त्याहून कितीतरी जवळचा.

तेव्हा मंडळी, शंकरपाळे संपवता संपवता एवढा विचार करून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत कोकणात मोहोर धरेल, तेव्हाच बोलणी करावी लागतात. मे महिन्यात फक्त भाव विचारता येतो. ज्यांना यात रस असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर भेटा, बाबांच्या ओळखीच्या बागायतदारांचे फोन मी घेऊन येतो.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!